पाँडिचेरीत खोट शोधताना

आमच्या दत्ताला एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं असलं की तो स्वतः म्हणत नाही, मला पुढं करतो. लहानपणापासूनची खोड आहे. आता डोक्याचे केस पांढरे झाले, ऊस कारखान्याला घालतो, गावात चार माणसं त्याला विचारून पावलं टाकतात, पण नाही म्हणायला अजून आईच लागते.

यंदा विषय निघाला त्याच्या लेकीचा, प्राजूचा. पोरगी सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करत होती. तिला पाँडिचेरीहून बोलावणं आलं. तिथं फ्रेंच लोकांच्या वेळची घरं आहेत, ती पडू न देता नीट करायची. राहायला एका बाईच्या घरात खोलीही मिळत होती. प्राजूला जायचंच होतं. दत्ताच्या मनात नव्हतं. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी दत्ता म्हणाला, "आई बघून येऊ दे. ती बरं म्हणाली तर बरं." आणि माझ्याकडं असं बघितलं की काय म्हणून परत यायचं ते मला समजावं.

खरं सांगायचं तर मलाही नाहीच म्हणायचं होतं. यवत नाही की सणसवाडी नाही, की वाटलं तेव्हा पोरगी बसनं घरी यावी. तेव्हा मी पाँडिचेरीला निघाले ती खोट शोधायला. एक चांगली, दणकट खोट सापडली की झालं.

(मी बोलते आणि प्राजू लिहिते. मला अक्षर येत नाही. तिनं मधेच स्वतःचं काही घुसडू नये म्हणून शेवटी मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं ठरलंय.)

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा. आम्ही पाटसहून दौंडला गेलो. दौंडवरून चेन्नईची गाडी सरळ मिळते, स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत बसतं, पण आधीच काढून ठेवावं लागतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा बरोबर घ्या. रायचूरच्या पुढं चहा मागे पडतो आणि कॉफी सुरू होते. समोरच्या बाकावर सोलापूरचे एक मामा होते. कुठं निघालात म्हणून त्यांनी विचारलं. मी पाँडिचेरी म्हटल्यावर ते खुशीत म्हणाले, "तिकडं दारू लय स्वस्त हाय, आजी."

मी प्राजूकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. पहिली खोट गाडीतच मिळाली.

चेन्नईहून पुढं समुद्राच्या कडेकडेनं बस जाते, चारेक तास लागतात. उजव्या बाजूला बसू नका, समुद्र डावीकडं दिसतो. आम्ही उजवीकडं बसलो होतो.

आता जागा बघायची म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडं मेंढरं होती तेव्हा थंडी लागली की आम्ही कोकणात उतरायचो. वाडा कुठं बसवायचा, म्हणजे रात्री मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, हे आधी कुणीतरी पुढं जाऊन बघून यायचं. गडी जायचे, पण माझे सासरे मला बरोबर न्यायचे. ते शेतमालकाशी बोलत बसायचे. मी पाणी बघायची, कुत्री बघायची आणि मालकाची बायको बघायची. मालक कितीही गोड बोलला तरी विहिरीवर तीच असते. ती कपाळाला आठ्या घालत असली तर पुढच्या गावाला निघायचं.

पहिल्या दिवशी प्राजूनं मला गोऱ्यांच्या भागात फिरवलं. तुम्ही फोटोत बघता ती हीच पाँडिचेरी. पिवळ्याधमक भिंती, कोपऱ्यावर निळ्या पाट्या, कुंपणावरून लोंबणारी कागदासारखी फुलं. मला वाटलं अख्ख्या गावावर कुणी भंडारा उधळलाय. पोलिसांच्या डोक्यावर लाल उंच टोपी, एवढी ऐटबाज की त्यांना चोर सापडत असेल का अशी शंका यावी. फिरायला सायकली भाड्यानं मिळतात. पण सगळे रस्ते सुतानं आखल्यासारखे सरळ, पायीच बरं. बेकरीत एक वाकडा पाव मिळाला. हात लावला की भुगा होतो, आत काहीच नाही, आणि पैसे मात्र भरलेल्या पावाचे घेतात. चव बरी होती. दोन खाल्ले.

पण त्या भागात दारं बंद. घरं देखणी आणि माणूस नाही. जे होते ते आमच्यासारखेच, दुसऱ्याच्या दारापुढं उभं राहून फोटो काढणारे. मी प्राजूला म्हटलं, "हितं तहान लागली तर पाणी कुणाला मागायचं?"

ती म्हणाली, "बाटली घ्यायची, आज्जे."

दुसरी खोट.

एका गल्लीत भिंतीला चुन्याचा गिलावा चालला होता. प्राजू बोलता बोलता थांबली आणि ओल्या भिंतीच्या कडेला तळहात टेकवून उभी राहिली. मेंढी गाभण आहे का बघताना आम्ही तिच्या पोटाला हात लावायचो, तसा. तिथल्या मिस्त्रीनं तिला काहीतरी विचारलं, ती मोडकंतोडकं बोलली, दोघं हसले. मी मान दुसरीकडं वळवली. हे बघायला मी आले नव्हते.

मुक्काम त्या खोलीवरच होता. कालव्याच्या पलीकडं, तमिळ लोकांच्या भागात. कालव्याला वास येतो, ही तिसरी खोट, तिकडं जाल तर नाकाला पदर लावा. पण पलीकडची घरं मला आवडली, कबूल करते. रस्त्याला लागून लाकडी खांबांचे ओटे असतात, जुन्या काळी वाटसरूंना बसायला ठेवलेले. आम्ही एका अनोळखी ओट्यावर बसून पाय चोळले, कुणी उठवलं नाही. जवळच केळीच्या पानावर जेवण मिळतं. शंभर-दीडशेत पोटभर होतं आणि भात नको म्हटलं तरी वाढतात.

मालकीणबाई माझ्याहून थोड्या लहान. नाकात दोन चमक्या, चेहरा कडक. घरात नोकरी करणाऱ्या पाच-सहा पोरी ठेवलेल्या. त्या बाईंना अम्मा म्हणायच्या आणि मला पाट्टी, पाट्टी म्हणजे आजी. त्यांचं मला कळेना, माझं त्यांना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी परसात गेले, आडाचं पाणी शेंदलं, वास घेतला आणि ओंजळभर पिऊन बघितलं. वाड्याची जागा बघताना हे आधी करायचं असतं. मागं वळते तर बाई दारात उभ्या. त्यांना वाटलं असावं, आपल्या घरच्या पाण्यावर हिचा भरवसा नाही. खरं तर नव्हताच. त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाणी गाळायचं मशीन दाखवलं, पेला भरून हातात दिला आणि मी शेवटचा घोट पिईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कपाळाला आठ्या होत्या. मी मनात म्हटलं, सापडली. आता दत्ताला सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी रेल्वे स्टेशनजवळचं लाल-पांढरं चर्च बघितलं. रंगीत काचांमधून ऊन आत येतं आणि बसलेल्या माणसांच्या अंगावर निळे-तांबडे डाग पडतात. बागेतली पांढरी छत्रीही बघितली. एका बाईनं गावाला पाणी मिळावं म्हणून स्वतःचं घर पाडून तळं बांधलं, तिच्यासाठी ती उभारलीय म्हणतात. राजाची नाही, बाईची. चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर गेलो. त्या वेळी किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्या बंद करतात, माणसंच माणसं चालतात. खाली वाळू कमी, काळे धोंडे फार. मी एका धोंड्यावर बसले आणि उठेना. प्राजू दोनदा म्हणाली, "चल, अम्मा वाट बघतील." मी म्हटलं, बघू दे. मला पोरीजवळ आणखी थोडं बसायचं होतं. उद्या नाही म्हणणार होते ना.

परत आलो तेव्हा गल्लीत दिवे लागून गेले होते. मालकीणबाई ओट्यावर उभ्या. दाराशी काढलेल्या चपलांचे जोड बोटानं मोजत होत्या, दोन जोड कमी होते. प्राजू दिसली आणि त्यांनी तोंड सोडलं. काय बोलल्या त्यातला एक शब्द मला कळला नाही, आणि सगळं कळलं. कुठं होतीस, फोन काय शोभेला आहे का, भात गार झाला, म्हातारीला एवढं चालवतात का. प्राजू मान खाली घालून उभी. अगदी माझ्यापुढं उभी राहते तशी.

वाड्यावर आम्ही बाया संध्याकाळी हेच करायचो. कळप रानातून आला की कोकरू आणि आई जुळवायची, एखादं जुळलं नाही तर जेवण सुचत नसे. त्या बाईच्या तोंडावर तेच होतं. आठ्या होत्या, पण त्या कशाच्या ते मला आता दिसलं.

मी प्राजूला म्हटलं, "त्यांना सांग, उशीर म्हातारीमुळं झाला."

प्राजूनं सांगितलं. बाई माझ्याकडं वळल्या आणि उरलेलं मला ऐकवलं. माझ्या सासूनंतर मला इतकं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी दोघींना आत ढकललं आणि ताटं घेतली. मी त्या रात्री तीन वेळा भात घेतला.

सकाळी दत्ताला फोन लावायला सांगितला. तो लगेच म्हणाला, "काय आई, न्हाई ना जमत?"

मी म्हणाले, "दारू स्वस्त हाय, कालवा घाण हाय, पाव पोकळ हाय."

"मग?"

"मग काय. पोरीला धाडायची."

मग त्यानं विचारलं, "रागावणारं हाय का कुणी तिथं?"

"हाय. मलाच रागावलं."

परतीच्या गाडीत प्राजू माझ्या मांडीवर डोकं ठेवून सोलापूरपर्यंत झोपली. दौंडला दत्ता घ्यायला आला होता. लेकीची पिशवी उचलली आणि तिथं मासळी फार खातात का, एवढंच विचारलं.

पोरगी गेली त्याला आता महिना झाला. हे ती तिकडून लिहितीय, मी इकडून फोनवर बोलतीय. काय उरलं म्हणाल तर घरात एक ताट कमी असतं, ते दिसतं. पण तिला गाडीत बसवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईनं मला घाबऱ्या घाबऱ्या हलवून उठवलं. ऊन अंगणभर पसरलं होतं. दत्ता दारात उभा, तोंड एवढंसं झालेलं. म्हातारी गेली असंच वाटलं त्यांना. पोरीचं बोलावणं आल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो त्या रात्री लागला.

"जित्ती हाय," मी म्हणाले, "झोपू द्या," आणि कूस बदलली.