लेसिएलीने न दाबलेली लिंक

आमच्या बेटावर लेसिएलीला विचारल्याशिवाय कुणी आजारीसुद्धा पडत नाही, असं आम्ही दवाखान्यातल्या नर्सा थट्टेनं म्हणायचो. बावीस वर्षं ती नोंदणीच्या खिडकीत बसते. कुणाच्या मुलीला पेनिसिलिन सोसत नाही, कुणाचा रक्तगट कोणता, कुणाची साखर रविवारच्या जेवणानंतर चढते, सगळं तिला तोंडपाठ. जीभ तिखट. उशिरा येणाऱ्याला ती विचारते, "होडी पोहत आली का रे?" पण त्याचा कागद तिनं आधीच काढून ठेवलेला असतो. अशा बाईचं नाव रेडिओवरून खराब केलं गेलं. माझ्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं. लेसिएलीचे काका कुलाआ ऑकलंडला वारले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ कळवणारी मेल तिच्या वहिनीच्या पत्त्यावरून कामाच्या मेलवर आली. आमच्याकडे निम्मं घर समुद्रापलीकडे असतं. माणूस गेला की तिकडून मेल येते आणि आपण इथे काळे कपडे घालून, कमरेला चटई बांधून पडद्यावर अंत्यसंस्कार बघतो. मृत्यूची बातमी आपल्यातला कुणी बघितल्याशिवाय ठेवत नाही, ठेवली तर लोक तोंडात शेण घालतील. लेसिएलीनं मेल निवडली, ती शेजारच्या चौकटीत दिसली, तेवढ्यात खिडकीशी एक बाळंतीण आली म्हणून ती उठली. लिंकला तिचं बोट लागलंच नाही.

पण ती मेल वहिनीनं पाठवलेलीच नव्हती. चोरांनी वहिनीचा पत्ता आधीच बळकावला होता आणि खऱ्या मेलची नक्कल केली होती. लिंकवर नाव चर्चचं, आत पत्ता भलताच. आणि आमचा मेलचा प्रोग्राम असा हुशार, की लिंकच्या टोकाला काय चित्र आहे ते दाखवायला तो न विचारता स्वतःच तिथे गेला. नुसता गेला नाही, दारात उभ्या चोराला लेसिएलीचं नाव आणि तिच्या पासवर्डची खूण, जिच्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो, देऊन आला. ज्यानं हे बनवलं त्याला कुणी सांगितलं होतं ही सोय करायला?

दुसऱ्या दिवशी चोरांनी सगळे संगणक कुलूपबंद केले. नऊ दिवस एका पेशंटचा कागद उघडेना. लांबच्या बेटांवरून तीन-तीन तास होडीतून आलेली माणसं परत गेली. लेसिएली व्हरांड्यात टेबल टाकून बसली आणि आठवेल ते हातानं लिहीत गेली. सुजलेल्या बोटांवर मी पट्टी बांधली, तर म्हणाली, "बोटांचं राहू दे, कालाफी आजोबांच्या बायकोची इंजेक्शनची वेळ सांग."

दहाव्या दिवशी संगणक चालू झाले आणि तेव्हा लेसिएलीनं आपल्याकडे जे करतात ते केलं. डुक्कर भाजलं, अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध घालून लू बांधले, सगळ्यात चांगली चटई घेतली आणि मोठे डॉक्टर लिसिआते यांच्यासमोर जमिनीवर मान खाली घालून बसली. माझ्या खिडकीत लोकांना त्रास झाला, मला क्षमा करा, म्हणाली. आपल्याकडे चूक कुणाची हे आधी ठरवत बसत नाहीत. ज्याच्या दारात त्रास झाला तो मान झुकवतो, मग मोकळेपणानं बोलता येतं. डॉक्टरांनी तिला हात धरून उठवलं. आम्ही सगळे रडलो आणि जेवलो.

आमच्याबरोबर ताट घेऊन बसला होता ब्रेंडन. संगणकांची देखभाल करणाऱ्या ऑकलंडच्या कंपनीचा माणूस. लू दोनदा मागून खाल्ले त्यानं. आणि खोलीत जाऊन अहवालात लिहिलं की संबंधित कर्मचारी बाईंनी लिंक उघडल्याची चूक सर्वांसमक्ष कबूल केली. तोच अहवाल राजधानीला गेला, आणि तिथून रेडिओवर. मग कबुलीचा कागद लेसिएलीसमोर आला, सही कर. सही केली तर नोकरीवरून काढणार आणि नाही केली तर चौकशी.

मोठे डॉक्टर भले माणूस, पण भांडणाला घाबरणारे. सही करून टाक, लोक विसरतील, असं त्यांनी तिला समजावलं. कोणते लोक विसरतात इथे? आजोबांनी कुणाची डुकरं सोडली होती तेही आम्हाला आठवतं.

मी मेल फक्त समोर आणली होती, लिंकला बोट लावलं नव्हतं, असं म्हणून लेसिएली त्याच खोलीत बसलेल्या ब्रेंडनकडे वळली. "तुझ्या लॅपटॉपवरून डॉक्टरसाहेबांना लिंक घातलेली एक मेल पाठव. तुझीच, साधी. आणि त्या लिंकवर कोण येऊन गेलं ते तुझ्या पडद्यावर दिसेल असं कर."

तो कुरकुरला, पण डॉक्टर बघत होते. मेल आली. लेसिएली म्हणाली, "साहेब, मेल फक्त समोर आणा. आणि दोन्ही हात मांडीखाली घ्या."

डॉक्टर हात मांडीखाली घेऊन शाळकरी पोरासारखे बसले. चौकट उघडली. ब्रेंडनच्या लॅपटॉपवर डॉक्टरांचं नाव उमटलं आणि खाली पासवर्डची ती खूण.

"आता हे बंद कसं करायचं ते दाखव," ती म्हणाली.

त्यानं दाखवलं. एका चौकोनातली बरोबरची खूण काढली, बस. मी विचारलं की हे आधी का नाही केलं. तर म्हणतो, प्रोग्राम असाच येतो आणि बदला असं कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला दर वर्षी येऊन लिंक दाबू नका म्हणून तासभर व्याख्यान झोडणारा हा माणूस. मला त्याच्या तोंडावर ताट फेकावंसं वाटलं, आजही वाटतं.

सही कुणी मागितली नाही. नोकरी राहिली. ब्रेंडननं दुरुस्तीचं पत्र राजधानीला पाठवलं, पण रेडिओवर ते काही वाचलं गेलं नाही. मी तीनदा फोन केला. ती बातमी जुनी झाली, असं उत्तर मिळालं. खोटं सांगताना ताजी होती आणि खरं सांगायच्या वेळी जुनी झाली.

त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या आवारात कालाफी आजोबा काठी टेकत आले. त्या नऊ दिवसांत त्यांच्या बायकोला दोनदा होडीतून परत जावं लागलं होतं आणि पायाची जखम चिघळली होती. सगळे बघत होते. त्यांनी लेसिएलीचा हात हातात घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "पोरी, रेडिओवर ऐकलं मी. माझ्या मनात काही नाही. क्षमा केली तुला."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसानं दिलेली क्षमा कुणी नाकारत नाही. डोळे पुसायचे, मान लववायची, घरी जायचं. मीही तिच्याकडे त्याच अपेक्षेनं बघितलं.

लेसिएलीनं हात सोडवून घेतला.

"आजोबा, आजीच्या पायाचं मला फार वाईट वाटतं. रोज येऊन पट्टी बदलीन," ती म्हणाली. "पण ही क्षमा मला नको. मी ते केलेलं नाही."