धुळवडीच्या फटक्यांची मोजणी
१४ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. कलाव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची धुळवड नोंदवत होते. तिथे त्या दिवशी बायका पुरुषांना काठ्यांनी मारतात आणि पुरुषाने हात उचलायचा नसतो. मी प्रत्येक फटका लय समजून मोजत होते. तांड्यातली मुख्य गायिका याच प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीसाठी निवडली गेली होती. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि तिची कागदपत्रे दिराने लपवली होती. आता ती त्या दिरालाच मारत होती आणि दहाव्या फटक्यापर्यंत सगळे हसत होते. “भावजी, कागदं कुठं हायती?” तिने विचारले. “वहिनी, गाणं सोडून हापीस काहून चालवता?” तोही हसला. तिची ओली काठी त्याच्या तोंडावर बसली, मग मनगटावर. हाड मोडल्याचा कोरडा आवाज वाजत्या नगाऱ्याच्या आवाजातूनही ऐकू आला. “धरा तिला, हा खेळ न्हाई आता!” एक म्हातारी ओरडली. कोणी धरले नाही, फटके पडत राहिले. “कणगीत हायती,” तो रक्त थुंकत म्हणाला. काठी टाकून ती धान्याच्या कणगीकडे धावली. आज मी सांस्कृतिक धोरणाच्या बैठकांत बसते. त्या सकाळी मी पेन खाली ठेवले नाही, हे तिथे कोणाला सांगितलेले नाही. वहीतला शेवटचा आकडा एकतीस आहे.