उजवा गाल

टाल्कम पावडरचा वास आला की कानडी मुलुखातला, व्हाइटफील्डचा तो स्टुडिओ आठवतो. ऑफिसात चहा देणाऱ्या मराठी अक्कांचा चेहरा आम्ही फोटोंवरून एका गेमसाठी संगणकावर घडवत होतो. फोटोत कातडी चमकू नये म्हणून त्यांना पावडर लावली होती. त्यांच्या उजव्या गालावर भाजल्याचा डाग होता. “डावा गाल उलटून तिकडे लाव, डाग जाईल,” टीम लीड म्हणाला. “खरा चेहरा असा पुसायचा नाही,” मी हट्टाला पेटले. अक्का ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. “स्वल्प, थोडं मलाही विचारा की. काढा तो. नवऱ्यानं दिलाय, रोज आरशात बघते, इथं तरी नको.” मी डाग काढला. तो देणारा मात्र त्यांच्या घरीच होता, आणि त्यालाही असंच पुसून टाकायला माझे हात अजून शिवशिवतात.