मायच्या गाण्यांचे एकाहत्तर टक्के

टोरेंटवरून काही उतरवायचं असेल तर फाईल किती मोठी ते नंतर बघा, सीडर किती आहेत ते आधी. सीडर म्हणजे ज्याच्याकडे फाईल पूर्ण आहे आणि जो ती दुसऱ्यांना देत बसलाय असा माणूस. गाणं मागितलं आणि उतरताना त्याच्याबरोबर एखादा प्रोग्राम आला तर त्याला हात लावू नका. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचा, शिव्या असतील तर सोडून द्या.

एवढं मला येतं ते धुळ्याच्या एका मोबाईल दुकानामुळे. नववीत शाळा सुटली, साक्रीकडच्या गावात दुसरं काम नव्हतं. दुकानाच्या मालकाला सगळे भाऊ म्हणायचे, मीही. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, चुकलो तरी उठवलं नाही. आज इथे तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात माल मोजून संगणकावर चढवतो, ती खुर्ची भाऊंमुळे. उद्या ती जाईल का, ही भीती मात्र माझी स्वतःची.

माय हळदीची गाणी म्हणायची. आसपासच्या पाच-सहा गावांत हळद असली की तिला बोलावणं यायचं. एका दुपारी भाऊंनी तिला दुकानात बसवून शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि अकरा गाणी रेकॉर्ड केली. कॉम्प्रेस केलं की आवाज पत्र्यासारखा होतो म्हणाले, म्हणून फाईल मोठीच ठेवली. व्हॉट्सॲपवर ती जाईना. सुरतेला गेलेले गावकरी तर मागत होते. मग मी तिचा टोरेंट बनवला. माझ्या हातचा तो पहिलाच.

आणि घेणाऱ्या प्रत्येकाला मीच फोन करून सांगितलं, "शंभर टक्के झालं की लगेच बंद कर. नाहीतर फुकट नेट खातं." आमच्याकडे रोजच्या नेटची चिमूट चिमूट जपत होते सगळे. मला वाटायचं मी भलं करतोय. एकदा चढवलं म्हणजे ते वर कुठेतरी राहतंच, अशी माझी समजूत. वर असं काही नसतं. लोकांनी चालू ठेवलं तरच ते असतं. माझ्या सल्ल्याने सगळ्यांनी बंद केलं, पुढे फोन बदलले, गाणी पुसली. मीही पुसली. जागा हवी होती.

गेल्या वर्षी मायच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर काही महिन्यांत बहिणीचं लग्न ठरलं. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, माय खुणेनं सांगी राहिनी. तिचीच गाणी लाव म्हणते हळदीला."

मी टोरेंट पुन्हा लावला. सीडर शून्य. जेवणाच्या सुट्टीत बघायचो, कामावरून आल्यावर बघायचो. शून्य टक्के, शून्य माणसं. सुरतेच्या एकेकाला फोन केले. "तूच तं सांगेल होतं बंद कर म्हनीसन!" एकाने हसून सुनावलं. खोटं नव्हतं.

मग शिरपूरकडचा एक डीजेवाला सापडला. "बठ्ठा गाना शेतस भो मनाकडे," म्हणाला. सगळी गाणी आहेत हे ऐकून मी खोलीत एकटाच उठून उभा राहिलो. त्याने पाठवलेलं पहिलं गाणं लावलं. माय दोन ओळी म्हणते आणि मधेच ढोल वाजून त्याचं नाव गरजतं, मोबाईल नंबरासकट. अकराही गाण्यांत तसंच. आमच्याकडे डीजे लोक प्रत्येक गाण्यात आपलं नाव घुसवतात, कुणी चोरू नये म्हणून. "मूळ फाईल?" विचारलं तर म्हणाला, "ती काय कामाची होती?"

शेवटी भाऊंना सांगितलं. ज्यावर रेकॉर्डिंग केलं होतं तो दुकानाच्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यांनी उतरवला. हार्डडिस्क करकर वाजत होती. ही एक युक्ती लक्षात ठेवा: जुनी फाईल अर्धीमुर्धी मिळाली तरी ती टोरेंटच्या फोल्डरमध्ये टाकून रीचेक करा. कुठला तुकडा शाबूत आहे, कुठला नाही, ते तो स्वतः तपासतो आणि शाबूत तेवढे पुढे देतो. गिऱ्हाईक परत पाठवून भाऊ दोन दिवस त्या डिस्कपाशी बसले.

"एकाहत्तर," ते फोनवर म्हणाले. "पुढे सरकत नाही रे. डिस्क गेली."

एवढं तरी कुणी केलं असतं?

सहा गाणी पूर्ण आली. मायला हवं होतं ते, नवरीला पहिली हळद लावतानाचं, तुटक आलं. टोरेंटचे तुकडे ओळीने येत नसतात. जो तुकडा नाही तिथे वीस-बावीस सेकंद नुसती शांतता, मग आवाज पुढच्या कडव्यात उगवतो. मी तसंच पाठवलं. डीजेवाल्याचं पाठवलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी सुट्टी घेतली होती, लग्नाला मिळाली नाही. हळद मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. गाणं लागलं. पहिल्या खड्ड्यात आवाज थांबला तसं कुणीतरी ओरडलं, "बंद पडनं वं!" एकजण मशीनकडे वाकला. मायने हात वर करून त्याला अडवलं. गळ्याभोवती पदर, हाताने परातीवर ठेका, आणि ओठ हलत होते. आवाज परत आला तेव्हा तो तिच्या ओठांवरच आला. दुसऱ्या खड्ड्यातही तसंच.  बायकांना गाण्याचे शब्द येत नव्हते. ओळ सांगणारी नेहमी मायच असायची.

तिसरा खड्डा शेवटच्या कडव्याचा. त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं, मला ते माहीत होतं. तिला सांगायचं राहून गेलं होतं. तिचे ओठ हलत राहिले, परात वाजत राहिली. मग ती थांबली, तिने फोनमध्ये माझ्याकडे बघितलं आणि तळवा उलटा करून विचारलं: पुढे?

"इतलंच शे, माय," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. ज्याच्या हातात फोन होता त्याने तो बहिणीकडे वळवला. तिच्या गालावर ओली हळद होती आणि बायका गाण्याशिवायच ती लावत होत्या.