मोडलेल्या तारेचा तुकडा
तापलेल्या हीटरचा वास आला, की वडिलांचं सिन्नरचं दुकान आठवतं. ते तिथे भट्ट्यांच्या कॉइल दुरुस्त करायचे. जुन्या तारेला आधी चुंबक लावायचे आणि चिकटली, की सांगायचे, "ही जात एकदा तापली का गार वाकवायची नाय, मोडती." मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होते. हसून म्हटलं, "अण्णा, मीटरनं रेझिस्टन्स मोजा, चुंबक काय लावत बसलाय!" आणि तार वाकवली. ती कट्कन मोडली. गिऱ्हाईक आल्यावर वडील म्हणाले, "माझ्या हातून मोडली, साहेब. नवी टाकून देतो." परवा, ते गेल्यानंतर, त्यांच्या शर्टाच्या खिशात चुंबक सापडलं. माझ्या हातून मोडलेल्या तारेचा तो तुकडा अजून त्याला चिकटलेला होता.