पेशंट परत आली नाही

"खिडकी उघडा रे. मासळीबाजार आलाय."

मी खुर्चीत आडवी होते. तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा. वय चौदा. भोवती दातांचे डॉक्टर व्हायला निघालेली सातआठ मुलंमुली आणि खिडकी उघडायला सांगणारे त्यांचे सर. सर घाटावरच्या कॉलेजातून महिन्यातून एकदा मालवणच्या या दवाखान्यात यायचे. पुढे आलेले दात तारा लावून सरळ करून देतात, तेही फुकट, असं शाळेत सांगितलं होतं. म्हणून बाबा मला घेऊन आले होते.

सरांनी आरशाच्या दांडीने माझ्या पुढच्या दातावर टकटक केलं. "ही खाच बघा. उंदरासारखे दोरे कुरतडतात हे लोक. घाणेरडी सवय. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. खाच कशाची, ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. फाटलेलं जाळं सांधताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून नायलॉनचा दोरा दातात ताणून धरायचा. गाठ बसली की तिथेच तोडायचा. सातव्या वर्षापासून शाळेतून आले की मी बाबांच्या समोर बसून जाळी सांधायचे. माझ्याएवढा जलद हात आळीत कुणाचा नव्हता. त्या खाचेचा मला तोवर अभिमान होता.

मग मापाचा गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात कोंबला. घशाशी आलं. मी ओकले. सरांनी बूट मागे घेतले.

"तुझं तू पुस."

मी पुसलं. शाळेच्या ओढणीने, गुडघ्यांवर बसून. दाराबाहेर बाबा चपला हातात धरून उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं. परत जाताना होडीत एवढंच म्हणाले, "रडा नको गो चेडवा. दात सरळ होतले मा."

कसले सरळ होतायत! पुढच्या महिन्यात या, म्हणाले होते. गेलो. तीनदा गेलो. बाबा तिन्ही वेळा रापण सोडून आले. रापण म्हणजे अख्ख्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. दोराला हात लागला नाही तर वाटा नाही. तिन्ही वेळा आम्हाला बाकावरून उठवून परत धाडलं. माझे दात प्लास्टरमध्ये उतरले होते, सरांचं काम झालं होतं. तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "तारा संपल्या." बाबा त्या शिपायाला हात जोडत होते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या जोडलेल्या हातांचा मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

त्या रागावरच शिकले. दातांची डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घ्यायला त्याच कॉलेजात, त्याच सरांच्या हाताखाली येऊन पडले. सरांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे? चेहरा त्यांनी तेव्हाही पाहिला नव्हता, आणि आता तोंडावर मास्क होता. त्यांनी मला मालवणच्या दवाखान्यावर नेमलं. म्हणाले, "तुला त्या लोकांची भाषा येते."

पहिल्याच दिवशी काचेचं कपाट पुसायला सांगितलं. आत प्लास्टरचे जबडे मांडलेले. तिसऱ्या फळीवर मी. खाचेसकट. खाली चिठ्ठी: 'मच्छीमार मुलगी. वाईट सवय. पेशंट परत आली नाही.'

चोराच्या उलट्या बोंबा! मी जबडा पुसला आणि जागेवर ठेवला.

दर वर्षी नवी मुलं आली की सर तो जबडा काढायचे. उंदराचा विनोद करायचे. मुलं हसायची. मीही हसले. एकदा नाही, दोन वर्षं हसले. मास्कच्या आड, ओठ मिटून. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणार.

माझा प्रबंध गोंदावर होता. तारेला धरून ठेवणारे धातूचे बारीक तुकडे ज्याने दाताला चिकटवतात, तो गोंद. सरांनी नवा बनवला होता. उपटलेल्या दातांवर लावून मशीनने ओढला, टिकला. शहरातल्या तोंडांत टिकला. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांचे मात्र पुढचे तुकडे पटापट पडायचे. मला कारण ठाऊक होतं. मी घरून दोरा आणला, मिठाच्या पाण्यात भिजवला आणि प्रयोगशाळेत बसून तुकड्याच्या कडेवर घासत राहिले. गोंद सुटला. पुन्हा लावला. पुन्हा सुटला.

धावत जाऊन सरांना दाखवलं. वाटलं, शाबासकी देतील. काय मूर्ख होते मी!

"मग जाळीवाल्यांची मुलं घेऊच नकोस," सर म्हणाले. "निकाल बिघडवतात. माप घे, मॉडेल ठेव आणि पाठवून दे."

मी "हो सर" म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त तोंड मीच दाबून धरलं होतं.

पंधरवड्याने वेंगुर्ल्याकडची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी तेराएक वर्षांची. पुढच्या दातात खाच.

"डाक्टरीणबाय, तारा लावतल्यात मा?" बाई म्हणाली. "तुमी सांगशात तेवा येव."

सर मागेच होते. नवी मुलं घेऊन आले होते. "फक्त माप," ते मला म्हणाले. मग कपाटातून माझा जबडा काढून मुलांसमोर धरला. "ही तीच जात. उंदरासारखे दोरे..."

खुर्चीतल्या मुलीने तोंड मिटलं. ते मिटणं मला चांगलं माहीत होतं.

मी मास्क काढला. गुलाबी मेणाची पट्टी गरम पाण्यात बुडवली, सगळ्यांसमोर चावली आणि सरांच्या हातातल्या जबड्यावर ठेवली. इतक्या वर्षांत बाकीचे दात थोडे सरकले होते. पुढचे दोन नेमके बसले. खाचेत खाच.

"पेशंट आली आहे, सर," मी म्हणाले. "तेव्हाही तीनदा आली होती. तुम्ही बाकावरून उठवलंत."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांचे कान लाल झाले. "तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते. विसरू नकोस."

"नाही विसरले."

मी पेन काढलं. चिठ्ठीवरची शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'पेशंट तीनदा परत आली. उपचार दिला नाही.' जबडा परत कपाटात ठेवला, त्याच फळीवर. तो मला घरी न्यायचा नव्हता. पुढच्या मुलांनी तो बघायचा आहे, चिठ्ठीसकट.

मग त्या बाईकडे वळले. सरांसमोर तोवर मी मालवणी तोंडातून काढली नव्हती. "बसा गे. तारा मीच लावतलंय. जाळा सांधता तर सांधूंदे तेका."

जुना, खात्रीचा गोंद वापरून त्याच दुपारी तारा बसवल्या. मुलगी चार वेळा येऊन गेली. एकही खेप चुकलेली नाही.

सही अजून मिळालेली नाही. सर रोज काहीतरी चूक काढतात. काढोत. जाळीवाल्यांच्या मुलांना वगळायची अट मी प्रबंधातून काढून टाकली आहे आणि दोऱ्याचा प्रयोग घातला आहे. गोंद सुटला तिथे 'गोंद नापास' असंच लिहिलंय. ते वाक्य मी बदलणार नाही. सही नसेल तर पदवी नसेल. निव्वळ मापासाठी आमचं एकही मूल त्या खुर्चीत आडवं होणार नाही.

माझी खाच भरायला दहा मिनिटं पुरतात. भरणार नाही. सरांशी बोलायचं असलं की आता मी मास्क काढते.