खाली करा

गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास आला की घरासमोर जॅकवर चढवलेली माझी गाडी मला आठवते. क्लच बदलून देण्यात वर्कशॉपने चालवलेल्या टाळाटाळीविरुद्ध मी सहा सविस्तर पत्रे पाठवली होती. एकाचेही उत्तर न आल्याने संतापून ते काम घरीच करायचे ठरवले. गोविंदपुऱ्यातील कारखान्यातून निवृत्त झालेले, भोपाळातच वाढलेले माझे एक मराठी शेजारी मदतीला आले. एक चाक काढून ते गाडीखाली शिरले आणि चाकाला शक्ती पोहोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, उचकटू लागले. मी जॅकचा दांडा धरून होतो. शाफ्ट निसटला, खालच्या ट्रेमध्ये तेलाची धार लागली आणि ते ओरडले, "भर गया हो, खाली करा, जल्दी." इथल्या मराठीत खाली म्हणजे रिकामे, हे पुण्याहून बदलून आलेल्या माझ्या कानांना त्या क्षणी उमगले नाही. मी दांडा फिरवला आणि गाडी त्यांच्या अंगावर उतरू लागली. त्यांनी खबरदारी म्हणून गाडीखाली आडवे सरकवून ठेवलेल्या त्या काढलेल्या चाकावर ती टेकली, म्हणून थांबली. "लागलं का हो?" मी वाकून विचारले. "ट्रे, साहेब, ट्रे खाली करा. नोटीस कोणाला द्यायची ते मग बघू." दुसऱ्या बाजूचा शाफ्ट बाकी होता, त्यांनी गाडी पुन्हा चढवून दांडा माझ्याच हाती दिला. इतरांच्या निष्काळजीपणाबद्दल मी आजही पत्रे लिहितो. त्या दिवशीचा निष्काळजीपणा माझा होता आणि त्याची तक्रार कोणीही केली नाही.